यात्रा आणि प्रशस्तिपत्रक

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यांत सान्तियागो दे कॉम्पोस्तेला नांवाचें एक पुरातन नगर आहे. तेथील कॅथीड्रलाकडे युरोपाच्या निरनिराळ्या भागांतून वाटा येतात, व त्या वाटांनीं एक हजार वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती यात्रेकरू पायीं चालत आले आहेत. मध्यंतरीं हा ओघ इतका आटला होता कीं, १९८६ सालीं यात्रा पुरी केल्याबद्दलचें प्रशस्तिपत्रक घेणारांची संख्या अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. २०२४ सालीं तीच संख्या ४ लक्ष ९९ हजारांवर गेली. रविवारच्या उपासनेस माणसें येत नाहींत अशी ज्या युरोपांतील पाळकांची तक्रार असते, त्याच युरोपांत पाठीवर ओझें घेऊन, पायांस फोड येईपर्यंत चालणारांची ही रांग लागावी, हें आश्चर्य नव्हे काय ? या आश्चर्यांत आनंद मानण्याजोगें काय आहे व सावध राहण्याजोगें काय आहे, याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, असा आमचा हेतु आहे. स्पेन दूर असला तरी हा प्रश्न आपल्या शाळेच्या दारापर्यंत येऊन पोंचणारा आहे.

प्रथम इतिहास थोडक्यांत पाहूं. जब्दीचा पुत्र व योहानाचा भाऊ याकोब यास हेरोद राजानें तरवारीनें मारविलें, हें प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत आपण वाचतों. त्याचें शव शिष्यांनीं नौकेंतून स्पेनच्या किनाऱ्यास नेलें, अशी मागाहूनची दंतकथा आहे. नवव्या शतकाच्या आरंभीं गालिसिया प्रांतांत सांपडलेली एक कबर त्याचीच, असें तेथील बिशप थिओडोमिर यानें जाहीर केलें, व राजा दुसरा आल्फोन्सो यानें तेथें देऊळ बांधविलें. या कथेस पवित्र शास्त्रांत आधार नाहीं. तथापि लोक येऊं लागले. फ्रान्सांतील ल पुई येथील बिशप गोदेस्काल्क हा ९५० सालीं तिकडे निघाला. परदेशाहून आलेल्या ज्या यात्रेकरूंचीं नांवें इतिहासास ठाऊक आहेत, त्यांत तो अगदीं पहिल्यांपैकीं होय. बाराव्या शतकांत तर यात्रेकरूंसाठीं एक मार्गदर्शक पुस्तकच तयार झालें. कॉदेक्स कालिक्स्तिनुस या प्रसिद्ध हस्तलिखिताचा तो पांचवा भाग आहे. कोणत्या नदीचें पाणी प्यावें, कोणत्या नदीचें पिऊं नये, कोठले नावाडी लुबाडतात, कोठें भाकर चांगली मिळते, हें सर्व त्यांत नमूद आहे. तूर, व्हेझले, ल पुई व आर्ल येथून निघणाऱ्या फ्रान्सांतील चार वाटा त्यांत दिल्या असून, पिरिनीज पर्वत ओलांडल्यावर पुएन्ते ला रेइना या गांवीं त्या एक होतात. फ्रान्सच्या बाजूच्या सेंट-जाँ-पिए-द-पोर या गांवाहून निघालें तर सान्तियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर पडतात. दररोज पंचवीस किलोमीटर चालणारास एक महिना लागतो.

हीच एक वाट आहे असें नाहीं. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक हा ९९० सालीं पोपच्या हातून आपल्या अधिकाराचें वस्त्र घेण्यासाठीं रोमेस गेला. परतीच्या वाटेवरील ७९ मुक्कामांची यादी त्यानें करवून ठेविली. ती आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. त्या यादीच्या आधारें कँटरबरीहून आल्प्स पर्वतावरून रोमेस जाणारी वाट अलीकडे पुन्हा आंखण्यांत आली आहे. उत्तरेकडे नॉर्वे देशांत राजा ओलाव्ह हा १०३० सालीं स्टिक्लेस्टाडच्या लढाईंत पडला. त्याच्या कबरीवर उभ्या राहिलेल्या नीदारोसच्या कॅथीड्रलाकडे ऑस्लोहून सुमारे ६४० किलोमीटरांची वाट जाते. तें नगर आतां ट्रॉन्धेम या नांवानें ओळखिलें जातें.

मध्ययुगांतील यात्रेकरू घर सोडण्यापूर्वीं मृत्युपत्र करी, देणीं फेडी, ज्याच्याशीं वैर असेल त्याची क्षमा मागे, आणि देवळांत जाऊन आपल्या काठीवर व झोळीवर आशीर्वाद घेई. वाटेंत चोर, लांडगे, पूर व ताप यांचें भय असे. सान्तियागोस पोंचल्याची खूण म्हणून तो तेथील समुद्राचा शिंपला टोपीस लावी. परंतु तेथें पोंचला म्हणजे त्याची यात्रा केवळ अर्धी होई, कारण तेथून त्याच पायांनीं त्यास घरीं यावयाचें असे. आज यात्रेकरू विमानांत बसतो व कांहीं तासांत आपल्या घरीं उतरतो. जुन्या यात्रेचा निम्मा भाग परतीचा होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

आतां आक्षेप. आम्ही ज्या परंपरेंत वाढलों, ती या यात्रांकडे प्रेमानें पाहणारी नाहीं, आणि तिचे आक्षेप हलके नाहींत. धर्मसुधारणेच्या किती तरी आधीं, चौथ्या शतकांत, निस्साचा बिशप ग्रेगरी यानें एका पत्रांत बजाविलें होतें कीं, स्थान बदलल्यानें देव कांहीं जवळ येत नाहीं. प्रभूनें शोमरोनी स्त्रीस जें सांगितलें त्याचाही अर्थ हाच : खऱ्या उपासकास हा डोंगर किंवा तें नगर असें बंधन नाहीं. पुढें १३०० सालीं पोप आठवा बोनिफेस यानें रोमेस येणाऱ्या यात्रेकरूंस पापाच्या दंडाची पूर्ण माफी जाहीर केली, आणि यात्रा हा पुण्याचा व्यापार होऊं लागला. इरॅस्मसानें १५२६ सालीं एका संवादरूप लेखांत अस्थि आणि अवशेष दाखवून पैसे जमविणाऱ्या तीर्थांची थट्टा केली. मार्टिन ल्यूथर हा तरुणपणीं, १५१० च्या सुमारास, मठाच्या कामासाठीं एर्फुर्टहून रोमेस पायीं गेला होता. त्यानेंच १५२० सालीं जर्मन सरदारांस उद्देशून लिहिलेल्या पुस्तकांत रोमेच्या यात्रा बंद कराव्या असें सांगितलें. त्याचा एक मुद्दा आम्हांस आजही बिनतोड वाटतो. मनुष्य यात्रेवर पैसा उधळतो आणि घरीं बायको, मुलें व शेजारी यांस उपाशी ठेवितो. देवानें जें करण्याची आज्ञा केली तें सोडून, जें करण्यास सांगितलें नाहीं तें तो करितो. याखेरीज, स्पेनांत याकोबास घोड्यावर बसवून, मुसलमानांची कत्तल करणारा योद्धा म्हणून रंगविण्यांत आलें. ज्या प्रभूनें पेत्रास तरवार म्यानांत घालण्यास सांगितलें त्याच्या प्रेषिताची ही अशी मूर्ति व्हावी, याची प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यास लाज वाटली पाहिजे.

या आक्षेपांचा परिणाम झाला. इंग्लंडांत राजा आठवा हेन्री यानें १५३८ सालीं कँटरबरी येथील थॉमस बेकेटची समाधि मोडविली. नॉर्वेंत १५३७ सालीं धर्मसुधारणा आली व ओलाव्हची यात्रा थांबली. पुण्याचा बाजार उठला हें चांगलें झालें. परंतु मठांबरोबर त्यांच्या अनेक धर्मशाळाही बंद झाल्या, आणि ज्या दारीं वाटसरूस रात्रीं भाकर मिळे तें दार लागलें, हें आपण विसरतों. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी कीं, ज्यांनीं यात्रा मोडली त्यांना यात्रेची उपमा कांहीं केल्या सोडवेना. बेडफर्डच्या तुरुंगाचा अनुभव घेतलेल्या जॉन बन्यनचें यात्रेकरूवरील पुस्तक १६७८ सालीं निघालें, आणि हरि केशवजी यांनीं १८४१ मध्यें ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें तें मराठींत आणिलें. आपल्या कित्येक आजोबा-आजींच्या पेटींत शास्त्राच्या शेजारीं हें पुस्तक असे. प्रेषितांच्या काळीं आपल्या धर्मास ‘तो मार्ग’ असेंच म्हणत. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत विश्वासाचे पूर्वज पृथ्वीवर परके व प्रवासी होते असें सांगितलें आहे. तेव्हां चालण्याचा आणि विश्वासाचा कांहीं संबंध असला पाहिजे. तो कोणता ?

आमचें मत असें कीं, तो संबंध मार्गाच्या शेवटीं असलेल्या कबरीशीं नसून मार्गावरील दारांशीं आहे. बाराव्या शतकांतील त्या मार्गदर्शक पुस्तकानें जगांतील तीन धर्मशाळांस देवानें आपल्या गरिबांसाठीं उभारलेले खांब म्हटलें आहे : एक यरुशलेमेंत, एक पिरिनीज पर्वताच्या सोम्पोर्त घाटांत, व एक आल्प्सच्या ग्रेट सेंट बर्नार्ड घाटांत. यांपैकीं तिसरी, बर्नार्ड नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास स्थापिली. समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटर उंचीच्या त्या घाटांत बर्फ पुरुषभर उंच सांचतें. तरी तेथील बंधुजन आजही तें घर चालवितात. बर्फांत गाडलेल्या वाटसरूंस शोधून काढणारे तेथील कुत्रे आपल्या वाचनपुस्तकांतून आपणांस ठाऊक झालेले आहेत. पिरिनीजमधील रोन्सेसव्हायेसची धर्मशाळा बाराव्या शतकांतली. तिचें वर्णन करणाऱ्या एका जुन्या लॅटिन काव्यांत तिचें दार रोग्यास व निरोग्यास, ख्रिस्ती मनुष्यास तसेंच यहुद्यास, परधर्मीयास व पाखंड्यासही उघडें असल्याचें सांगितलें आहे. ज्या शतकांत धर्माच्या नांवानें युद्धें चाललीं होतीं, त्याच शतकांत हें दार उघडें होतें !

कास्त्रोखेरिस गांवाजवळ सान आन्तोन नांवाच्या मठाचे अवशेष आहेत. मध्ययुगांत युरोपांत एक भयंकर रोग होता. हातापायांची आग होई, ते काळे पडत व शेवटीं झडून जात. त्यास सेंट अँथनीचा अग्नि म्हणत. राय नांवाच्या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीमुळें हा रोग होतो, हें त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें. परंतु त्या मठांतील बंधु रोग्यांस गव्हाची चांगली भाकर देत, व ती खाऊन कित्येकांस उतार पडे. कारण विषारी धान्यच त्यांच्या पोटांत जाण्याचें थांबे. मठाच्या कमानीखालीं भिंतींत कोनाडे आहेत. रात्रीं दारें लागल्यावर कोणी यात्रेकरू आला तर तो उपाशी राहूं नये, म्हणून त्यांत भाकर ठेवीत. ती ठेवणारास ती कोण नेतो हें दिसत नसे, व नेणारास ती कोणीं ठेविली हें कळत नसे. दानाची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

हें सर्व केवळ जुन्या काळाचें वैभव असतें तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ओ सेब्रेइरो या डोंगरावरील खेड्याचे पाळक एलियास व्हालिन्या यांनीं १९८४ सालीं पिवळा रंग घेऊन वाटेवरील झाडांवर, दगडांवर व भिंतींवर बाण काढण्यास आरंभ केला, म्हणजे परक्यास वाट चुकूं नये. आजची सारी गर्दी त्या पिवळ्या बाणांच्या मागोमाग चालत आहे. १९८७ सालीं कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेनें या मार्गास युरोपाचा पहिला सांस्कृतिक मार्ग ठरविलें. परंतु संस्थांनीं जें केलें त्याहून आम्हांस साध्या माणसांनीं केलेलें अधिक मोलाचें वाटतें. कित्येक धर्मशाळांत, पूर्वीं ही वाट चाललेलीं माणसें पंधरा पंधरा दिवस वेतनावांचून राहून झाडलोट करितात, स्वयंपाक करितात व येणारांचे फोड बांधितात. ग्रान्योन गांवच्या देवळाच्या माळ्यावर यात्रेकरू जमिनीवरील गाद्यांवर निजतात. तेथें पैशाची पेटी उघडी असते, व ज्यास शक्य असेल त्यानें तींत टाकावें आणि ज्यास गरज असेल त्यानें तींतून घ्यावें अशी रीत आहे. पिसुएर्गा नदीच्या पुलाजवळ सान निकोलास नांवाचें एक जुनें देऊळ आहे. इटलींतील पेरुजा येथील एका यात्रेकरू-मंडळानें त्याची धर्मशाळा केली आहे. तेथें संध्याकाळीं यजमान येणाऱ्या यात्रेकरूचे पाय धुतात, आणि मग मेणबत्त्यांच्या उजेडांत सर्व जण एकत्र जेवितात. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आपण शाळेंत पाठ करितों. तेथें तो रोज संध्याकाळीं आचरिला जातो.

अशा वाटेवर मनुष्य तीन गोष्टी शिकतो. पहिली, आपल्याला किती थोडें लागतें ही. ओझें आपल्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावें, असा जाणत्यांचा सल्ला असतो; तो न मानणारे पहिल्या आठवड्यांतच जास्तीचें सामान टपालानें परत धाडतात. दुसरी गोष्ट ही कीं, वाटेवर वकील, सुतार, विद्यार्थी व निवृत्त अधिकारी यांच्या पायांस सारखेच फोड येतात, आणि हुद्द्यावरून कोणास लवकर पोंचतां येत नाहीं. तिसरी सर्वांत कठीण : दुसऱ्यापासून घेण्यास शिकणें. आपण मिशनच्या शाळांतून ‘देणें’ पुष्कळ शिकतों. देणारास थोडा अभिमानही वाटतो. परंतु परक्या देशांत, भाषा येत नसतां, अंधार पडतांना, दार ठोठावून पाणी मागावें लागलें म्हणजे तो अभिमान गळतो. अम्माऊसच्या वाटेवर त्या दोघां शिष्यांनीं परक्यास घरांत बोलाविलें, आणि भाकर मोडतांना त्यांस कळलें कीं, आपण ज्यास पाहुणा समजलों तोच यजमान होता. ख्रिस्ती यात्रेचें सर्व मर्म या एका कथेंत आहे, असें आम्ही समजतों.

येथवर आनंदाची बाजू झाली. आतां सावधगिरीची. सान्तियागो येथें मिळणारें लॅटिन भाषेंतील प्रशस्तिपत्रक मिळविण्यास किमान १०० किलोमीटर पायीं किंवा २०० किलोमीटर सायकलीवर प्रवास करावा लागतो, व वाटेंतील देवळें, धर्मशाळा, खाणावळी यांचे शिक्के एका लहान पुस्तिकेंत घ्यावे लागतात. सान्तियागोपासून सुमारे ११५ किलोमीटरांवर सारिया नांवाचें गांव आहे. दुसऱ्या कोणत्याही ठिकाणाहून निघत नाहींत इतके यात्रेकरू या एका गांवाहून निघतात, याचें कारण वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. थोडे पैसे दिले कीं पाठीवरचें ओझें मोटारीनें पुढच्या मुक्कामास पोंचविणारे व्यावसायिकही आहेत. ज्यास आठ दिवसांचीच रजा आहे, ज्याचे गुडघे थकले आहेत, त्यानें शंभर किलोमीटरच चालावें व ओझें खुशाल पुढें पाठवावें. त्याची यात्रा आम्ही उणी लेखीत नाहीं. परंतु ज्याची दृष्टि प्रथमपासून त्या कागदावर आहे, जो शिक्के मोजतो, आणि धर्मशाळेंतील खाट आपणास मिळावी म्हणून लंगडणाऱ्या सोबत्यास मागें टाकून धांवतो, त्यास आम्ही विचारूं : ल्यूथरानें ज्याचा धिक्कार केला तो व्यापार तुझ्या हातून पुन्हा सुरू झाला नाहीं काय ? तेव्हां कागद पापाच्या माफीचा होता, आतां पराक्रमाचा आहे. दोन्ही वेळीं कागद मुख्य झाला व वाट केवळ त्याची किंमत ठरली.

विद्यार्थ्यांनो, येथेंच स्पेनची वाट आपल्या शाळेच्या आवारांत शिरते. वर्षभर पुस्तक न उघडतां परीक्षेच्या महिन्यांत ‘अपेक्षित प्रश्नोत्तरें’ पाठ करणारा विद्यार्थी सारियाहूनच चालावयास लागतो. आपली निबंधाची वही दुसऱ्याकडून लिहवून घेणारा आपलें ओझें मोटारीनें पुढें पाठवितो. आणि शेजारच्या मुलास समजलें नाहीं हें दिसत असूनही, तो आपल्यापुढें जाईल या भयानें त्यास न सांगणारा, लंगडणाऱ्या सोबत्यास मागें टाकूनच खाट मिळवितो. अशा विद्यार्थ्यासही प्रशस्तिपत्रक मिळतें, आणि तें खोटें नसतें. त्यावर शाळेची मुद्रा खरीच असते. परंतु वाटेनें जें द्यावयाचें तें त्यास मिळालेलें नसतें, व हें त्यास पुढें, दार ठोठावण्याचा प्रसंग आला म्हणजे, कळतें.

सुज्ञ पालकहो, आपणांसही आमची एक विनंति आहे. मूल घरीं आल्यावर ‘किती टक्के पडले ?’ हा प्रश्न आपण विचारणार, व तो विचारणें योग्यच आहे. गरिबीतून वर येण्यास आपल्या समाजास या कागदांनीं किती हात दिला, हें आम्ही जाणतों. पण त्याच्या जोडीस ‘यंदा तूं कोणास शिकविलेंस ? आणि तुला कोणीं शिकविलें ?’ हेही दोन प्रश्न विचारीत जा. ज्या घरांत एकच प्रश्न विचारला जातो, तेथील मूल वाट सोडून कागदाच्या मागें लागल्यास दोष त्याचा एकट्याचा म्हणतां येणार नाहीं.

प्रशस्तिपत्रक आणि वाट यांचा योग्य संबंध कोणता, याचें एक उदाहरण आपल्या जवळचें आहे. फ्रान्सिस झेवियर याचा जन्म १५०६ सालीं नाव्हारा प्रांतांत झाला. सान्तियागोची मुख्य वाट त्याच प्रांतांतून जाते. पॅरिसच्या विद्यापीठाची एम. ए. ची पदवी त्यानें १५३० सालीं घेतली. १५ नोव्हेंबर १५३६ रोजीं तो व त्याचे सोबती, असे नऊ विद्वान, पॅरिसहून पायीं निघाले, आणि ऐन हिवाळ्यांत, परक्या मुलखांतून चालत ८ जानेवारी १५३७ रोजीं व्हेनिस शहरीं पोंचले. तेथें पोंचल्यावर त्यांनीं काय केलें ? ते तेथील इस्पितळांत गेले व असाध्य रोग्यांची सेवा करूं लागले. पुढें ६ मे १५४२ रोजीं झेवियर गोव्यास उतरला, तेव्हांही त्यानें मुक्काम इस्पितळांतच केला. त्याच्या पंथाचीं सर्व मतें आम्हांस मान्य नाहींत. परंतु पदवी मिळाल्यावर वाट संपली असें त्यानें मानलें नाहीं, व वाट संपल्यावर इस्पितळाचें दार शोधिलें, ही गोष्ट कोणत्याही पंथाच्या मनुष्यानें शिरीं धरावी अशी आहे.

मग आपण सर्वांनीं स्पेनास जावें काय ? आमचें उत्तर स्पष्ट आहे. ज्यास ऐपत व सवड आहे त्यानें अवश्य जावें. परंतु कर्ज काढून, किंवा घरच्या मुलांची फी थकवून कोणी जाऊं नये. ल्यूथराचा मुद्दा पांचशें वर्षांनींही जुना झालेला नाहीं. नॉर्वे हा ल्यूथरच्याच मताचा देश. तेथें बंद पडलेली ओलाव्हची वाट १९९७ सालीं पुन्हा उघडण्यांत आली. पुण्य विकत मिळतें असें म्हणण्यासाठीं कोणी ती उघडली नाहीं. पुण्याचा हिशेब सोडूनही वाट चालण्याजोगी उरते, हेंच त्यांतून दिसून येतें. तशी वाट आपल्या गांवाबाहेरही आहे. सुटीच्या दिवशीं चार विद्यार्थ्यांनीं पुस्तकें व थोडा शिधा घेऊन शेजारच्या खेड्यांतील लहान मंडळीकडे पायीं जावें, तेथें उपासना करावी, कोणी म्हातारें एकटें असेल त्याच्याशीं बोलत बसावें, त्यानें दिलेला चहा संकोच न करितां घ्यावा, आणि संध्याकाळीं पायींच परत यावें. या यात्रेचें प्रशस्तिपत्रक कोणी देणार नाहीं, हाच तिचा मोठा गुण होय.

शेवटीं परतीविषयीं. आम्ही वर म्हटलें होतें कीं, जुन्या यात्रेचा अर्धा भाग घरीं येण्याचा होता. तो भाग यासाठीं महत्त्वाचा कीं, ज्यानें दुसऱ्याच्या दारीं भाकर खाल्ली तो घरीं आल्यावर आपलें दार पूर्वींसारखें लावूं शकत नाहीं. आपल्या महाराष्ट्रास पायीं यात्रा नवी नाहीं. आषाढांत पंढरीच्या वाटेनें दिंड्या जातात. आपल्या कित्येक वाचकांचीं घरें, देवळें व शाळा त्या वाटांवर आहेत. आपली श्रद्धा त्यांच्याहून निराळी आहे, व ती लपविण्याचें कारण नाहीं. परंतु रोन्सेसव्हायेसच्या दारानें यात्रेकरूची श्रद्धा विचारली नाहीं, आणि सान आन्तोनच्या कोनाड्यानें त्याचें नांवही विचारलें नाहीं. पावसांत भिजलेला एक म्हातारा वारकरी आपल्या व्हरांड्यापाशीं थांबला, तर त्यास बसावयास घोंगडी, प्यावयास पाणी व फोडावर बांधावयास स्वच्छ पट्टी मिळावी. ती देणारा विद्यार्थी युरोपांतील कोणतीही वाट न चालतां तिचा अर्थ शिकला, असें आम्ही समजूं. यंदाच्या पावसाळ्यांत आपल्या शाळेच्या व मंडळीच्या दारांत असा एक माठ आणि एक बांक ठेवण्याचा विचार आपण सर्वांनीं मिळून करावा, अशी आमची विद्यार्थ्यांस व पालकांस प्रेमपूर्वक सूचना आहे.